डोळे झाकून जपानी?

आमच्या कुपवाडात गाडी घ्यायची म्हटलं की सल्ला फुकट मिळतो, आणि तो ठरलेला असतो. "युरोपियन गाडी म्हणजे दोन वर्षं हौस, पुढं गॅरेजची वारी. जपानी घे, डोळे झाकून!" एमआयडीसीत बेअरिंगच्या नुसत्या आवाजावरून मशीनचा रोग सांगणारी माणसंसुद्धा हेच बोलतात, याचं मला नवल वाटतं.

माझ्या चुलतभावाने याच सल्ल्यापायी नीट राखलेली, एकहाती वापरलेली पोलो सोडली. आणि तीन मालक फिरून आलेल्या गाडीला लाखभर जास्त मोजले. का, तर बिल्ला जपानी!

आता स्विफ्ट डिझेल बघा. २००७ साली आली आणि लोकांनी लाख-दोन लाख किलोमीटर बिनघोर पळवली. तिच्या पोटातलं १२४८ सीसीचं इंजिन कुणाचं? फियाटचं. बनायचं मानेसरला, पण डिझाइन इटलीचं. तेच इंजिन फियाटच्या पुंटोत आणि लिनियातही होतं. पण स्विफ्टमध्ये असलं की तो 'जपानी दणकटपणा', आणि पुंटोत असलं की 'फियाट? नको रे बाबा!' २०१३ मध्ये आलेली निसान टेरानो म्हणजे तर तोंड बदललेली रेनॉ डस्टरच. कारखानाही एकच, चेन्नईजवळ ओरगडमला. आता तिला फ्रेंच म्हणायचं की जपानी?

इनोव्हाचं नाव काढाल, माहीत आहे. ती टिकते, वादच नाही. पण टोयोटाने तिच्यात २.५ लिटरचं एकच डिझेल इंजिन २००५ पासून २०१६ पर्यंत चालवलं. परखलेलं यंत्र उगाच बदललं नाही. उलट फोक्सवॅगनने सात गिअरचा ड्राय क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि त्यापायी २०१३ साली एकट्या चीनमध्ये ३ लाख ८० हजारांहून जास्त गाड्या परत बोलवल्या. ही दोन कंपन्यांच्या इंजिनिअरांची निवड झाली. यात खंडाचा काय संबंध? त्याच फोक्सवॅगनची साध्या गिअरची पोलो या भानगडीत नव्हतीच.

खरी मेख पार्टची आहे. प्यूजो गेली, ओपल गेली, फियाटनेही २०१९ च्या सुमारास इथं गाड्या बनवणं थांबवलं. कंपनीने गाशा गुंडाळला की चांगली गाडीसुद्धा एका सेन्सरवाचून दारात उभी राहते. मित्सुबिशी लॅन्सर अस्सल जपानीच होती की! तिचा हेडलाइट आज मिरजेत शोधून दाखवा.

तेव्हा दाजी, रागावू नका (तुम्ही हा ब्लॉग वाचता हे ताईने सांगितलंय!), पण पुढच्या भाच्याला सल्ला देण्याआधी क्लच प्लेट सांगलीत मिळते की पुण्याहून मागवावी लागते, आणि किती दिवसांत येते, एवढं दुकानात विचारून या.