ग्रंथालयाचे ऑनलाइन बुकिंग : नळ कोण उघडणार?

शाळेत तहान लागली तर बाबासाहेबांना स्वतः नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई आला आणि त्याने नळ उघडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही नसे. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. नळ तर शाळेचाच होता, सर्वांसाठीच होता. प्रश्न तो उघडण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, हा होता.

आज ही आठवण काढण्याचे कारण म्हणजे शाळांमधील ग्रंथालय आणि संगणक कक्षाची वेळ ऑनलाइन आरक्षित करण्याची पद्धत. विद्यार्थ्याने मोबाइलवरून दिवस आणि तास निवडायचा, नाव नोंदवायचे आणि ठरल्या वेळी जायचे. पद्धत सोपी वाटते, पण तिचे परिणाम सर्वांवर सारखे होत नाहीत.

आधी जमेची बाजू पाहू. शाळांमध्ये संगणक कमीच आहेत. यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांमध्येच संगणक होते आणि इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. वस्तू कमी आणि मागणारे जास्त असले की वाटप कोण करतो याला महत्त्व येते. आजवर हे वाटप तोंडी चालत आले. सरांच्या ओळखीचा विद्यार्थी आधी बसतो, मागच्या बाकावरच्याला "आज जागा नाही, उद्या ये" असे ऐकावे लागते. या उत्तराची कुठेच नोंद होत नाही, म्हणून त्यातला भेदभाव सिद्धही करता येत नाही. ऑनलाइन पद्धतीत प्रत्येक मागणीची वेळ नोंदली जाते. कोणाला किती तास मिळाले हे मोजता येते. त्यामुळे आपण या बदलाला सरसकट विरोध करणे चुकीचे ठरेल.

अडचण पुढे आहे. शाळेचा संगणक सर्वांत जास्त कोणाला लागतो? ज्याच्या घरी संगणक नाही त्याला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भागातील फक्त ४.४ टक्के आणि शहरी भागातील २३.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. म्हणजे ज्याला संगणकाची गरज आहे, त्याने तो मिळवण्यासाठी आधी दुसरे यंत्र आणि इंटरनेट आणायचे! घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर. ओटीपी तिकडे जाणार आणि मुलगी घरी वाट पाहणार. रात्री नऊला नोंदणी उघडली की स्वतःचा मोबाइल असलेले पाच मिनिटांत सगळे तास घेऊन टाकणार. वर यंत्रणा सांगणार, "नियम सर्वांना सारखा होता."

हे आपण आधी भोगले आहे. २०२१ मध्ये लसीकरणासाठी कोविनवर नोंदणी सक्तीची झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेच डिजिटल दरीवरून केंद्राला प्रश्न विचारले. मे २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ ठप्प झाले. अशा वेळी थांबण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. सायबर कॅफेच्या खेपा ज्याला माराव्या लागतात, त्याचा रोजही बुडतो.

मग मागणी काय करायची?

पहिली, निम्मे तास शाळेतच, ग्रंथपालाकडे वहीत नाव लिहून मिळावेत. ऑनलाइन नोंदणी हा एकमेव दरवाजा नसावा.

दुसरी, एका विद्यार्थ्याला आठवड्याला किती तास याची मर्यादा हवी. ज्याला त्या आठवड्यात एकदाही वेळ मिळालेली नाही, त्याला प्राधान्य द्यावे.

तिसरी, ओटीपीची सक्ती नको. हजेरी क्रमांक पुरेसा आहे. फलकावरील यादीतही आडनावाऐवजी हजेरी क्रमांकच असावा. आडनावावरून काय काय ओळखले जाते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

चौथी, नोंदवूनही कोणी दहा मिनिटांत आले नाही, तर ती जागा दारात उभ्या असलेल्याला मिळावी. वीज गेली, तर बुडालेला तास पुढच्या दिवशी भरून द्यावा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, दर महिन्याला किती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी वापर केला आणि एकदाही न आलेले किती, हा आकडा शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवावा. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय बंधनकारक केले आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असेही हा कायदा सांगतो. या जागा आपल्या वस्तीतल्या पालकांनी भरल्या आहेत का? बैठकीला ते जातात का? कार्यकर्त्यांनी आधी एवढे तपासावे. ज्या विहारात इंटरनेट आहे, तिथे संध्याकाळी एक तास मुलांची नोंदणी करून देणेही अवघड नाही.

पुस्तकांसाठी बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून आपल्यासाठी शिक्षणाची दारे उघडली. ती दारे आता पासवर्डने बंद होऊ द्यायची नसतील, तर नियम ठरताना आपण तिथे हजर असले पाहिजे. नळ शाळेत आहेच. तो उघडायला कोणाची वाट पाहावी लागू नये, एवढेच आपले म्हणणे आहे.

जय भीम.