आधी बोर्ड, मग रॅम
राजापुरात डेस्कटॉप जुळवायचा तर सुटे भाग बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर ऑनलाइन मागवायचे, आणि चुकीची रॅम परत पाठवायची म्हणजे आठवडा गेलाच. त्यात अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकात शिरलेलं असेल तर कुरिअरची वाट बघण्यातही अर्थ नाही. म्हणून आधी मदरबोर्ड ठरवावा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही प्रकारांना २८८ पिना, लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी. एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटात बसत नाही, आणि जोर लावणाऱ्याचा स्लॉट मोडतो. एएमडीच्या एएम५ बोर्डावर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र काही डीडीआर४चे, काही डीडीआर५चे, तेव्हा तिथे पूर्ण नाव वाचावं. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून पाहिलेल्या रॅमची यादी असते. दुकानदाराच्या ‘चालून जाईल हो’पेक्षा ती भरवशाची. १६ जीबी हवी तर ८-८च्या दोन, एकाच पाकिटातल्या घ्याव्यात आणि चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या नि चौथ्यात लावाव्यात. शिवाय पाकिटावर ६००० छापलं म्हणून तो वेग आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय चालू करावा लागतो. पुष्कळजण हे न करताच ४८००वर समाधानी असतात. आणि रंगीत दिव्यांची रॅम? ते जादा पैसे यूपीएसला लावा, कोकणातल्या पावसाळ्यात त्याचीच गरज पडते.