उपयोगी, पण कोणाला?

बी.एड.च्या वर्षात आम्हाला जॉन ड्युई अडीच पानांत शिकवला गेला. आदर्शवाद झाला, निसर्गवाद झाला, आणि तिसरा कार्यवाद. त्याखाली चार मुद्दे: सत्य बदलते असते, जे उपयोगी ते सत्य, मुलाने करून शिकावे, प्रकल्प पद्धती वापरावी. प्रकल्प पद्धतीवरचा मूळ लेख खरे तर ड्युईंचे शिष्य किलपॅट्रिक यांचा, १९१८ सालचा, पण नोट्समध्ये तोही गुरूच्याच खात्यावर जमा. पाच गुणांची टीप. करून शिकण्याचा सिद्धांत आम्ही घोकून शिकलो, पाचपैकी चार गुण मिळवले आणि उर्दू शाळेत मास्तर झालो.

नोट्स काढणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. त्यांनाही पोट आहे. भांडण त्या एका वाक्याशी आहे: जे उपयोगी ते सत्य. हे वाक्य नोट्समधून निघून गावभर फिरते आहे. संस्थाचालक ते बोलतात, समाजाचे हितचिंतक बोलतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले चाचाजानही बोलतात. ‘मास्तर, व्यवहार बघा. उसूल घेऊन काय चाटायचे?’ आणि आम्हाला वाटते, हीच ती अमेरिकेची फिलॉसॉफी, ड्युईसाहेबांनी सांगितलेली. ती तशी नाही, हे सांगायला आम्ही बसलो आहोत. उर्दूत या मताला नताइजियत म्हणतात, नतीजावरून. हा शब्द आम्हाला कार्यवादापेक्षा जवळचा वाटतो, कारण तो उच्चारला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: नतीजा कोणाच्या पदरात?

चार्ल्स पर्स यांनी १८७८ साली जे मांडले ते साधे होते. एखाद्या कल्पनेचा अर्थ कळायचा असेल तर ती खरी धरल्याने व्यवहारात काय फरक पडेल ते पाहा. काहीच फरक पडत नसेल तर वाद शब्दांचा आहे. विल्यम जेम्स यांनी १९०७च्या आपल्या पुस्तकात ही कसोटी सत्यालाच लावली, आणि बोलता बोलता कल्पनेची ‘रोख किंमत’ असा शब्द वापरून बसले. टीकाकारांना आयते कोलीत मिळाले: पाहा, अमेरिकन माणूस सत्यसुद्धा गल्ल्यात मोजतो! पण हेच जेम्स फिलिपिन्स बळकावणाऱ्या आपल्या सरकारविरुद्ध उभे राहिले होते, काळ्यांना जमाव जिवंत जाळतो याविरुद्ध १९०३ साली वर्तमानपत्रात लिहीत होते. गल्ला मोजणाऱ्याला एवढी उठाठेव कशाला हवी?

तरीही प्रश्न उरतोच. फरक पडतो म्हणजे कोणाला पडतो, आणि तो पडला की नाही हे कोण ठरवणार? हा प्रश्न अमेरिकेत धसास लावला तो हार्वर्डमध्ये जेम्स यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका काळ्या विद्यार्थ्याने. त्याचे नाव डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. आमच्या नोट्समध्ये त्याचे नाव नाही.

त्या काळी काळ्यांचे सर्वमान्य पुढारी होते बुकर टी. वॉशिंग्टन. गुलामीत जन्मलेले, कष्टाने वर आलेले, टस्कीगीची शाळा १८८१ पासून उभी केलेले. त्यांनी १८९५ साली अटलांटात गोऱ्या-काळ्यांच्या सभेत सांगितले ते थोडक्यात असे: समाजात बरोबरीची मागणी आज करू नका, शेती शिका, सुतारकाम शिका, बाजारात किंमत कमवा, मान मागून येईल. याहून व्यवहारी बोलणे कोणते? गोऱ्या धनिकांनी थैल्या मोकळ्या केल्या. वॉशिंग्टन यांना खुशमस्कऱ्या म्हणणे अन्यायाचे होईल. मताधिकाराच्या खटल्यांना त्यांनी पडद्याआडून पैसे पुरवले हे नंतर उजेडात आले. पण उघड्यावर सल्ला हाच.

डू बॉइस यांनी १९०३ साली या सल्ल्याला उत्तर दिले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी उसुलांची दुहाई दिली नाही. नतीजा मागितला. सल्ला दिल्यापासून काय घडले ते मोजा, म्हणाले: मत गेले, कायद्याने हलकेपणाचा शिक्का बसला, काळ्यांच्या उच्च शिक्षणाचा पैसा आटला. आकडे त्यांच्या बाजूने बोलत होते. एकट्या लुइझियाना राज्यात १८९६ साली १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १८९८ साली राज्यघटना बदलून शिक्षण-मालमत्तेच्या अटी घातल्या, आणि १९०४ साली उरले १,३४२. ज्याला मत नाही त्याची सुतारकी त्याचे घर वाचवत नाही. व्यवहारी म्हणवणारा सल्ला व्यवहाराच्याच कसोटीवर नापास झाला.

डू बॉइस स्वतःही एका भ्रमात होतेच. अटलांटा विद्यापीठात ते काळ्यांच्या जीवनाची शास्त्रशुद्ध पाहणी करत होते. त्यांचा विश्वास होता की गोरा समाज अज्ञानापोटी वाईट वागतो. माहिती पुढे ठेवली की सुधारेल. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज नावाच्या शेतमजुरावर मालकाच्या खुनाचा आळ आला. डू बॉइस यांनी एक संयमी पत्र लिहिले आणि ते घेऊन अटलांटातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीकडे पायी निघाले. वाटेत कळले की होजला जमावाने जाळून मारले आहे, आगगाड्या भरून माणसे पाहायला गेली होती, आणि त्याच्या बोटांची हाडे त्याच रस्त्यावरच्या एका दुकानात मांडून ठेवली आहेत. डू बॉइस वळले आणि घरी परतले. पुढे त्यांनी लिहून ठेवले की त्या दिवसानंतर थंड डोक्याचा तटस्थ शास्त्रज्ञ होऊन राहणे त्यांना शक्य वाटेना. ज्ञान कृतीत उतरावे हे तत्त्व ते हार्वर्डच्या वर्गात शिकले होते. त्याचा अर्थ त्यांना त्या फुटपाथवर कळला. १९०९ साली काळ्यांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा स्थापकांत ते होते, आणि त्या पहिल्या परिषदेत बोलणाऱ्यांत ड्युईही होते.

ड्युईंचे श्रेय ड्युईंना द्यायला हवे, पण पूर्ण गुण नकोत. १९१५ साल घ्या. त्या साली धंदेशिक्षणावर त्यांचा एक जाहीर वाद झाला. समोरचे गृहस्थ, डेव्हिड स्नेडन, म्हणत होते की कामगारांच्या मुलांना कारखान्याला लागेल ते शिकवा. ड्युई कडाडले की मुलांना आहे त्या कारखानदारीच्या मापाचे करून देणारे शिक्षण मला मान्य नाही. शिक्षणाने ती कारखानदारीच बदलायला हवी. आणि त्याच साली मुलगी एव्हलिन हिच्याबरोबर त्यांनी ‘उद्याच्या शाळा’ हे पुस्तक काढले. त्यात इंडियानापोलिसच्या २६ नंबरच्या शाळेचे कौतुक आहे. सगळी मुले काळी, वस्ती गरीब. शेजारच्या मोडक्या इमारती घेऊन मुलांनीच दुरुस्त केल्या. मुलगे चांभारकाम, शिवणकाम शिकतात, मुली स्वयंपाक शिकतात. शाळा वस्तीचा आधार झाली आहे. सगळे खरे असेल. शाळेत जाऊन पाहणी एव्हलिनने केली, ड्युईंनी नव्हे, हेही खरे. पण ही मुले एका वेगळ्या शाळेत का आहेत, आणि गोऱ्याच्या मुलाला बूट शिवायला का बसवत नाहीत, हा प्रश्न तिथे विचारलेला नाही. उलट, वंशाचा प्रश्न सोडवण्याचा हा प्रयत्न नव्हे, असे सांगून हात झटकले आहेत. १९२७ साली त्याच शहराने काळ्यांसाठी स्वतंत्र हायस्कूल काढले आणि आधी गोऱ्यांबरोबर शिकत असलेल्या काळ्या मुलांनाही तिकडे धाडले. वेगळी शाळा उत्तम चालते म्हटल्यावर वेगळे करणाऱ्यांना आणखी काय हवे होते?

हे वाचताना आमचा हात थांबला, कारण हे भाषण आम्ही ऐकलेले आहे. एका स्नेहसंमेलनात पाहुणे म्हणाले, ‘सगळ्यांना डॉक्टर-इंजिनिअर कशाला व्हायचे? उर्दूच्या मुलांच्या हाती हुनर द्या. गॅरेजचे काम, फ्रीज-एसीची दुरुस्ती, मुलींना शिलाई, मेंदी. दहावीनंतर लगेच कमाई.’ टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. साहेबांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत जातात आणि संध्याकाळी सायन्सच्या क्लासला, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होते. हुनराला आमचा विरोध नाही. आमचे अब्बा टेलर होते, त्यांच्या मशीनवर आम्ही शिकलो. विरोध आहे तो दुसऱ्याच्या मुलाचे माप घरी बसून काढण्याला. प्रयोग करायचा तर ज्याच्यावर तो होणार त्याला प्रयोगशाळेत मत असले पाहिजे. ड्युईंच्या तत्त्वज्ञानाचा, स्वतः ड्युईंनी अर्धवट सोडलेला, हा खरा अर्थ.

अर्थकारणातही तेच झाले. १९२९च्या मंदीनंतर ड्युई तिसरा पक्ष उभारू पाहणाऱ्या एका संघटनेचे अध्यक्ष होते. उद्योग आणि पैसा मूठभरांच्या हाती असेपर्यंत नुसते सरकार बदलून काही होणार नाही, कामाच्या ठिकाणी हुकूमशाही आणि मतपेटीत लोकशाही हे जुळणारच नाही, असे ते सांगत. हे सांगणारा माणूस अडीच पानांत मावणार कसा? पण १९३२ साली काळ्यांच्या त्याच संघटनेपुढे बोलताना त्यांनी असा सूर लावला की तुमचे दुःख मुळात आर्थिक आहे, इतर गरिबांसारखेच, तेव्हा आमच्याबरोबर या. डू बॉइस यांनी १९३५च्या आपल्या ग्रंथात जे दाखवले त्यात याचे उत्तर सापडते. गोऱ्या मजुराला पगार कमी मिळाला, पण वर एक प्रकारचा मानाचा भत्ता मिळत राहिला: गोरा असल्याचा. तो भत्ता सोडून तो काळ्या मजुराच्या शेजारी उभा राहायला तयार नव्हता. हिशेबाच्या वहीत हा भत्ता दिसत नाही, म्हणून अर्थशास्त्र त्याला मोजत नाही.

त्याच १९३५ साली रूझवेल्ट सरकारने म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला. रूझवेल्ट निवडून येण्याआधीपासून धाडसी प्रयोगांची भाषा बोलत होते, आणि हा प्रयोग मोठाच होता. फक्त शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. काळ्या कष्टकऱ्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश नेमके याच दोन कामांत. कोणी इतिहासकार म्हणतात, दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांची मते हवी होती. कोणी म्हणतात, शेतावरून आणि घराघरांतून वर्गणी गोळा करणे अवघड होते. आम्हाला यात फारसा फरक दिसत नाही. दोन्ही कारणे व्यवहाराचीच आहेत, आणि दोन्हींत सोय पाहिली गेली ती वगळणाऱ्याची. बहुतेक शेतमजूर आणि घरकामगार कायद्यात आले ते १९५० आणि १९५४च्या दुरुस्त्यांनी. दरम्यान पंधरा-वीस वर्षांत किती म्हाताऱ्या मोलकरणी बिनपेन्शनच्या वारल्या, त्यांच्यासाठी तो कायदा ‘उपयोगी’ होता का?

‘मास्तर, तुम्हाला अमेरिकेचे काय पडले आहे?’ असे कोणी विचारील. उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ड्युईंच्या वर्गात बसलेला एक विद्यार्थी होता भीमराव रामजी आंबेडकर. लोकशाही म्हणजे निव्वळ राज्य चालवण्याची तऱ्हा नाही, माणसांनी एकमेकांत मिसळून जगण्याची ती रीत आहे, ही ड्युईंची गोष्ट बाबासाहेबांनी उचलली आणि जिथे ड्युई हात आखडून होते तिथे लावली. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांचे भाषण रद्द केले, तेव्हा ते त्यांनी स्वतः छापले. त्यात ड्युईंचे ऋण उघड मान्य केले आहे. आणि धंदा जन्मावरून ठरवणारी व्यवस्था आर्थिक दृष्टीनेही तोट्याची कशी, याची मांडणी आहे. २६ नंबरच्या शाळेत जो प्रश्न विचारला गेला नाही, तो इथे विचारला गेला. बी.एड.च्या नोट्समध्ये ड्युई होते. त्यांच्या या विद्यार्थ्याचा त्या टिपेत उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात!

१९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचले होते. त्याच्या प्रती मागितल्या, अस्पृश्यांसाठीही तसाच विचार चालला आहे म्हणून. डू बॉइस यांनी जुलैअखेर आस्थेने उत्तर दिले. एक जेम्सचा विद्यार्थी, एक ड्युईंचा. ज्यांच्या सोयीने प्रयोग व्हायचे त्यांच्या नव्हे, ज्यांच्यावर प्रयोग व्हायचे त्यांच्या बाकावरून दोघे लिहीत होते. जून १९५२ मध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. ते न्यूयॉर्कला गेले, पण त्याच महिन्याच्या १ तारखेला ड्युई वारले होते. भेट राहून गेली.

यंदा आमच्या शाळेत बी.एड.ची एक छात्राध्यापिका पाठ घ्यायला आली होती. तिच्या वहीत तीच अडीच पाने होती, तेच वाक्य अधोरेखित. मधल्या सुट्टीत आम्ही तिला हे सगळे ऐकवले. ती ऐकत होती, डबा तसाच राहिला. मग म्हणाली, ‘सर, पण पेपरात काय लिहू?’ आम्ही सांगितले, नोट्समधलेच लिही बेटा, नाहीतर गुण जातील. ती हसली. आम्हाला हसू आले नाही.