प्रतिभेला हजेरीपट दाखवणारे

आजकालच्या तरुणांत निष्ठा म्हणून उरलेली नाही, ही तक्रार संगणक-उद्योगातील धुरीण व्यासपीठावर चढले की हमखास करतात. टाळ्याही पडतात. ही निष्ठा त्यांनी नेमकी कशावर ठेवायची, हे विचारायला मात्र सभागृहात कोणी उठत नाही.

१९३८ साली बारामतीत जन्मलेले चंद्रकुमार पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत गेले. १९६१ मध्ये ते बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले आणि काही वर्षांतच त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर सिद्ध केला. पुढे कारखान्यांत पोलाद कापले गेले ते याच लेझरने. वीस वर्षांनी त्याच संस्थेत, ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातील नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’चे अवाढव्य प्रश्न सोडवण्याची नवी रीत मांडली. तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. वास्तविक बेल ही एका टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा! पण तिथल्या बोळांतून एकचाकी सायकलवर बसून चेंडू झेलत फिरणारा क्लॉड शॅनन हा विक्षिप्त गणिती तिने दीड दशक सांभाळला. डिजिटल युगाचा पाया ज्या सिद्धान्तावर उभा आहे, तो त्याने १९४८ मध्ये तिथेच लिहिला. आपल्याकडील एखाद्या मनुष्यबळ-व्यवस्थापकाच्या दृष्टीस तो पडता, तर सायकल आधी जप्त झाली असती.

यावर ठरलेले उत्तर असते, बेलच्या मागे मक्तेदारीचा पैसा होता. खरे आहे. मग पुण्याकडे पाहू. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथल्या अभियंत्यांनी एकाच बलाढ्य प्रोसेसरचा हव्यास सोडून अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. सरकारी संस्थेचा पगार तो काय असणार! पण पुढ्यात आव्हान होते, आणि ते देशाचे होते.

आता आजची भरती पाहा. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींत साठ टक्के हवेत. ज्याने बारावीचा अभ्यास सोडून रात्र-रात्र संगणक उघडून पाहिला, तो उंबरठ्यावरच गळतो. जो आत येतो त्याच्यासाठी बाँड, कार्डाची नोंद आणि टाइमशीट तयार असते, आणि सोडायचे म्हटले तर नव्वद दिवसांची नोटीस. मोठ्या कंपन्यांत नवोदिताचे वार्षिक वेतन दशकाहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिले, महागाई मात्र घुटमळली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवल्याचे जाहीर केले. प्रतिस्पर्ध्याचे काम करणे गैरच; त्याचे समर्थन नको. परंतु दिवसभर काम करूनही ज्याच्या बुद्धीची भूक शिल्लक राहते, त्याला दिवसा नेमके काय दिले जात होते, याची चर्चा त्या गदारोळात कुठे झाली?

दोष एकट्या कंपन्यांचा नाही. शेजारचा मुलगा ‘ऑनसाइट’ गेल्याची वार्ता आपल्या सुसंस्कृत मध्यमवर्गीय घरांत ज्या कौतुकाने सांगितली जाते, त्याच्या निम्म्या कौतुकानेही स्वतःचे काही घडवू पाहणाऱ्या मुलाची विचारपूस होत नाही. त्याला विचारतात ते एकच, ‘पॅकेज किती?’ मग त्यानेही आयुष्य त्याच मापाने मोजले, तर ओरड कशाची?

राजीनामा देणाऱ्याकडून जाताना एक छापील अर्ज भरून घेतात. त्यात कारणांच्या चौकटी असतात: अधिक वेतन, उच्च शिक्षण, कौटुंबिक अडचण. ‘येथे करण्यासारखे काही नव्हते’ अशी चौकट त्यात नसते. मुलगा निमूटपणे पहिल्या चौकटीत खूण करतो, आणि पुढच्या व्यासपीठावरील भाषणाला आकडा मिळतो.