वरणाचे पाणी आणि बाळाची वाटी

बाळाचे उष्टावण झाले की वाटी-चमचा बहुधा आजी-आजोबांच्या हाती येतो. देऊळगाव राजा आणि परिसरात तर हे अधिकच खरे आहे. कापूस वेचणीचे दिवस असोत वा शेडनेटमधील बीजोत्पादनाचे काम असो, आई सकाळीच घराबाहेर पडते आणि दुपारचे दोन घास भरवण्याची जबाबदारी घरातील वडीलधाऱ्यांवर येते. म्हणून वाचकहो, बाळाच्या पहिल्या घासांविषयीचे हे लेखन तरुण आईवडिलांइतकेच आपल्यालाही उद्देशून आहे.

प्रारंभ केव्हा करावा?

आपल्याकडे मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत आहे. समारंभ मामाच्या सवडीने आणि मुहूर्ताने अवश्य करावा. परंतु बाळाची भूक मुलगा-मुलगी असा भेद जाणत नाही. सहा महिने, म्हणजे 180 दिवस पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध पुरेसे असते. वरचे पाणीही लागत नाही. त्यानंतर मात्र त्या दुधाला अन्नाची जोड हवीच. मुलगी आहे म्हणून पाचव्या महिन्यातच घास देणे ही घाई होय, आणि सात महिने पूर्ण होण्याची वाट पाहणे हा उशीर होय. अन्न सुरू झाले तरी आईचे दूध दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे.

सहा महिन्यांची ही सीमा कशासाठी? जन्मतः बाळाच्या शरीरात लोहाचा जो साठा असतो, तो या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह अल्प असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे 67 टक्के बालके रक्तक्षयी आढळली. याच पाहणीनुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके केवळ 11 टक्क्यांच्या आसपास होती.

पातळ ते पचायला हलके?

बाळाला प्रथम भाताची पेज व वरणावरचे पाणी द्यावे, घट्ट अन्न त्याला पचणार नाही, अशी समजूत घरोघरी आढळते. तिच्यामागे माया आहे, यात शंका नाही. तथापि डाळ शिजवून निवत ठेवली की तिची प्रथिने व लोह बहुतांशी तळाशी बसतात. वर राहते ते प्रामुख्याने पाणी. बाळाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 ग्रॅम अन्न मावते. सात किलोच्या बाळासाठी हे प्रमाण जेमतेम 200 ग्रॅम होते. ही लहानशी जागा पाण्याने भरली, तर बाळ तृप्त दिसते, झोपीही जाते. परंतु वाढीला लागणारी सामग्री त्याच्या शरीरात पोहोचत नाही. असे दिवसामागून दिवस गेले की वजन अडते, पुढे उंची खुंटते. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची नंतर भरून काढणे फार कठीण असते.

सहा महिन्यांच्या बाळाला डाळ पचते. ती भिजवलेली, मऊ शिजवलेली आणि रवीने घोटलेली असावी, एवढेच. अन्नाचा दाटपणा पाहण्याची सोपी कसोटी अशी: चमच्यात घास घेऊन चमचा तिरपा करावा. घास ओघळून गेला तर तो फार पातळ आहे. चमच्याला धरून राहिला तर योग्य आहे.

घरच्या घरी चार पदार्थ

खिमट. हा जुना पदार्थ अनेक घरांतून नाहीसा होत आहे, तो परत आणण्याजोगा आहे. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ धुऊन सुती कापडावर सावलीत पूर्ण वाळवावी. मंद आचेवर वेगवेगळी भाजून रवाळ दळावी आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. आयत्या वेळी दोन मोठे चमचे पीठ पाऊण ते एक वाटी पाण्यात कालवून, सतत ढवळत आठ-दहा मिनिटे शिजवावे. उतरवल्यावर अर्धा चमचा साजूक तूप घालावे. तुपामुळे घास मऊ होतो आणि थोड्या अन्नात अधिक ऊर्जा मिळते.

वरण-भात-पालक. यासाठी वेगळी चूल मांडण्याची गरज नाही. घरच्या तुरीच्या वरणात मीठ, तिखट व फोडणी पडण्यापूर्वी बाळापुरती तळाची घट्ट डाळ काढून घ्यावी. दोन भाग मऊ भात, एक भाग डाळ आणि वाफवलेली पालकाची चार-पाच पाने एकत्र घोटावीत. तूप घालावे व वर लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब पिळावेत. लिंबामुळे डाळीतील व पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

नाचणीची लापशी. नाचणी रात्रभर भिजवून, कापडात बांधून मोड आणावेत. मग वाळवून, हलकी भाजून दळावी. मोड आलेल्या धान्याचे पीठ शिजवल्यावर फार घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. गोडीसाठी कुस्करलेले केळे घालावे. मोडासाठी नाचणी किंवा गहू घ्यावा. ज्वारी घेऊ नये, कारण तिच्या कोंबांत विषारी द्रव्य तयार होते. न मोडवलेल्या ज्वारीचे पीठ मात्र बाळाला खुशाल चालते.

वरणात कुस्करलेली भाकरी. नवव्या महिन्यापासून ज्वारीच्या भाकरीचा मऊ पापुद्रा घट्ट वरणात भिजवून, बोटांनी कुस्करून द्यावा. वर्षाचे झाल्यावर बाळाने घरचेच जेवण जेवायचे आहे; त्याची ही पूर्वतयारी होय.

यांच्या जोडीला उकडलेले रताळे, लाल भोपळा, पपई, दही यांची आलटून पालटून योजना करावी. ज्या घरी अंडे चालते, तेथे पूर्ण उकडलेले अंडे, पिवळ्या व पांढऱ्या भागासह, कुस्करून भातात मिसळावे. सहा महिन्यांनंतर त्यास हरकत नाही. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा आणि दोन-तीन दिवस त्याकडे लक्ष ठेवावे.

किती व किती वेळा?

आरंभी दोन-तीन मोठे चमचे पुरेत. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू वाढवत 250 मिलीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा तेवढीच वाटी. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चार वेळा, शिवाय मधल्या वेळचा एखाददुसरा खाऊ. बाळाने तोंड फिरवले तर थांबावे. बळेच कोंबणे किंवा मोबाइल दाखवून भरवणे, या दोन्हींमुळे बाळाची स्वतःची भूक ओळखण्याची शक्ती मंदावते.

काही गोष्टी टाळाव्यात

वर्षाच्या आत मध देऊ नये. गुटीच्या निमित्तानेही चाटवू नये. त्यातील जंतूंच्या बीजाणूंपासून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मीठ व साखर वर्षभर लांब ठेवावी. गायी-म्हशीचे दूध वर्षाच्या आत पेय म्हणून देऊ नये. चहात बुडवलेले बिस्किट तर मुळीच नको: चहामुळे लोहाच्या शोषणात अडथळा येतो आणि बिस्किटाने भूक मरते.

शेंगदाणा, फुटाणा, अख्खे द्राक्ष, सीताफळाची बी यांपासून बाळाला दूर ठेवावे. शेंगदाणा द्यायचाच तर अगदी बारीक कूट करून, अन्नात कालवून द्यावा. बाळाला नेहमी बसवून भरवावे. घास अडकून बाळाला ठसका लागला आणि ते खोकत वा रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद होऊन चेहरा निळसर पडू लागला, तर वर्षाच्या आतील बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली असे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. घास न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, आणि घास निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये.

भरवण्यापूर्वी आपले व बाळाचे हात साबणाने धुवावेत. आपल्या तोंडातील चावलेला घास बाळाला देऊ नये. आपल्याकडील उन्हाळ्यात शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत संपवावे. जुलाब लागले तरी आईचे दूध व अन्न बंद करू नये. जलसंजीवनी द्यावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावे आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे.

अंगणवाडीची सोबत

शेजारच्या सिंदखेड राजा येथे जन्मलेल्या जिजाऊंचे नाव घेऊन महाराष्ट्राने 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभारले. गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांवर त्याने भर दिला. त्या हजार दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस अन्न भरवण्याचे असतात, आणि ते काम कोणत्याही शासकीय कार्यालयात होत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात होते.

म्हणून दरमहा बाळाला अंगणवाडीत नेऊन वजन करून घ्यावे आणि माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखावर त्याची नोंद झाली आहे, हे पाहावे. अक्षर लहान असल्यास अंगणवाडी सेविकेकडून समजून घ्यावे. आलेखाची रेषा वर जात असेल तर आपली वाटी योग्य आहे. ती आडवी झाली किंवा खाली वळली, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. आशाताईंनी दिलेले लोहाचे औषध सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे.

उद्या दुपारी बाळाची वाटी भराल, तेव्हा पळी पातेल्याच्या तळापर्यंत जाऊ द्यावी. वरचे पाणी मोठ्यांच्या आमटीला चालेल. खालची डाळ बाळाची आहे.