बोलणे तुटले की वाटा तुटतो



तीन गावच्या तिघांनी मिळून कापसाचा ट्रक केला तर भाड्याचे ९०० रुपये वाचतात, कुणीही दोघांनी केला तर ६००, एकट्याचे काहीच नाही, असे धरू. तिघे एकमेकांशी बोलत असतील तर वाटा सरळ आहे, प्रत्येकी ३००. पण कडेच्या दोघांचे बोलणे मधल्याच्याच तोंडून होत असेल तर? शॅप्ले (१९५३) आणि मायर्सन (१९७७) या अमेरिकन पंडितांच्या हिशेबाने मधल्याला ५००, कडेच्यांना दोनशे-दोनशे.

मधल्याने कापूस जास्त पिकवलेला नाही. त्याच्या हाती फक्त निरोप आहे. कडेचे दोघे थेट बोलू लागले की दोघांचेही शंभर-शंभर वाढतात.

आम्ही म्हणतो, मधल्याला शिव्या देऊन भागणार नाही. वेचणीआधी पलीकडच्या गावाशी बोला!