मामाजींची डोली

आमच्या घरात अजिंठ्याचा अधिकारी एकच, ते म्हणजे माझे सासरे. यवतमाळच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. वाघोरा नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण त्यांनी फळ्यावर किती वेळा काढलं असेल, त्याला गणती नाही. स्वतः मात्र अजिंठा कधी पाहिला नव्हता! आधी बहिणींची लग्नं, मग मुलांची शिक्षणं, आणि सवड झाली तेव्हा गुडघ्यांनी असहकार पुकारला.

कळंबच्या चिंतामणीला ते नेमानं जात. तो गणपती जमिनीच्या पोटात. पायऱ्या उतरून दर्शन घ्यावं लागतं. गेल्या वर्षी मामाजी वरच थांबले आणि तिथूनच हात जोडले. परतताना मोटारीत एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "अजिंठा आता नाही, तर कधीच नाही."

ह्यांनी लगेच सोमवारचा बेत आखला. मामाजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. वेळापत्रक पाहून तरी निघत जा!" बेत बुधवारवर गेला.

धामणगावहून आगगाडीनं जळगाव आणि तिथून मोटारीनं फर्दापूर. तिथं पहिला नियम आडवा आला. आपली मोटार इथंच ठेवायची, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जायचं. "म्हातारं माणूस बरोबर आहे," असं मी पुटपुटले. मामाजी म्हणाले, "सूनबाई, मी अठ्ठ्याहत्तरचा, आणि ती चित्रं दीड हजार वर्षांची. वडीलकीचा मान कोणाचा?" मी मुकाट्यानं बसमध्ये चढले.

खरी अडचण पुढंच होती. डोंगराच्या पायऱ्या पाहून मामाजी बाकावर बसले. डोलीवाले पुढं आले, तेव्हा ते उसळलेच. "चार माणसांच्या खांद्यावरून? ती वेळ आली की जाईनच!" आम्ही सगळे गप्प. डोलीवाल्यांतला एक वयस्क गडी मात्र हसून म्हणाला, "बाबा, तुमचे गुडघे दुखतात म्हणून आमची चूल पेटते. बसा निवांत." मामाजी त्याच्याकडं पाहत राहिले, मग टोपी सारखी करून डोलीत बसले.

पहिल्या लेण्याच्या दाराशी डोली उतरली. जोडे बाहेर. आत मंद उजेड. डोळे सरावले, तसा भिंतीवरून निळं कमळ हाती धरलेला पद्मपाणी हळूहळू पुढं आला. मामाजींचा हात माझ्या हातात होता. तो थरथरत होता. आणि नेमक्या त्याच क्षणी आमच्या चिरंजीवांच्या मोबाईलचा दिवा लखकन चमकला! पहारेकरी धावला. फोटो काढायला मनाई नाही, पण दिवा लावायचा नाही. मुलगा हिरमुसला. "एका दिव्यानं काय होतंय?"

मग काय, बंद पडलेली शाळा पुन्हा भरली. मामाजी बाहेर ओट्यावर बसून सांगू लागले. ही चित्रं उघड्या दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. एक दिवा, एक श्वास, एक ओला हात काहीच नाही. पण माणसं हजारोंनी येतात. श्वासातली ओल गिलाव्यात मुरते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्यानं 1844 पासून वर्षानुवर्षं इथं बसून नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 साली आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. "नक्कल जळली, तरी अस्सल होतं. अस्सल गेलं तर?" मुलानं काही न बोलता दिवा बंद केला.

सोळाव्या लेण्याशी मामाजी डोलीतून आपणहून उतरले. हे लेणं वराहदेवानं कोरवलं. तो हरिषेण वाकाटकाचा प्रधान, आणि त्या राजांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं शेजारचं वाशीम. "आपल्याच गावाकडच्या माणसाचं घर," असं म्हणून नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते आत गेले.

मला तेव्हा दिवाळीतलं आमचं अंगण आठवलं. दारात रांगोळी असते. "पाय जपून टाका" असं आपण पाहुण्याला बजावतो, आणि "या, आत या" असंही म्हणतो. दोन्ही एकाच तोंडानं म्हणतो, आणि त्यात पाहुण्याला काही विसंगत वाटत नाही. प्राचीन वास्तूंना हात लावू नका, असं 1958 चा कायदा सांगतो. अपंगांना सार्वजनिक जागी जाता आलं पाहिजे, असं 2016 चा कायदा सांगतो. दीड हजार वर्षांची पायरी फोडून उतार करता येणार नाही, हे खरं. पण शेजारी कठडा, वाटेत बाक, मोठ्या अक्षरांची पाटी आणि हाताला हात, एवढं तर होऊ शकतं. नाहीतर नुसते नियम म्हणजे रांगोळी घालून दार लावून घेण्यासारखं.

परवा चतुर्थीला आम्ही पुन्हा कळंबला गेलो. मामाजी वरच थांबायला लागले, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, घाई नाही. एका पायरीवर दोन मिनिटं." आम्हांला अर्धा तास लागला. मागची माणसं खोळंबली होती, पण कोणी "चला, चला" म्हणालं नाही.